ग्लॅड : गुडघ्याच्या रुग्णाला आधी समजावून सांगणारा कार्यक्रम

गुडघ्यांची झीज झालेल्या माणसांसाठी डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेला ‘ग्लॅड’ हा शिक्षण आणि व्यायाम यांचा एकत्रित कार्यक्रम आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड, न्यूझीलंड अशा अनेक देशांत चालतो. आमच्याकडे मेलबर्नला कायमच्या राहायला आलेल्या माझ्या आईने तो घराजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात पूर्ण केला, आणि तिला इंग्रजी बोलण्याचा सराव नसल्यामुळे दुभाषी म्हणून मी प्रत्येक सत्राला तिच्याबरोबर होते. केंद्र कोणतेही असले तरी कार्यक्रमाचा आराखडा सारखाच असतो, म्हणून हे परीक्षण त्या आराखड्याचे आहे. ज्यांच्या कामातून तो उभा राहिला त्या एवा रूस यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण कार्यक्रमातल्या अनेक गोष्टी अशाच का आहेत याचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीत आहे.

रूस या मूळच्या स्वीडनच्या आणि शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. लुंड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवल्यानंतर पुढे त्या डेन्मार्कमधील ओडेन्स येथे सदर्न डेन्मार्क विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. गुडघ्याच्या वैद्यकात मोठी नावे बहुतेक सर्जनांची असतात. नवे कृत्रिम सांधे, नवी उपकरणे, नव्या शस्त्रक्रिया यांवर ती नावे झालेली असतात. रूस यांचे नाव झाले ते एका प्रश्नावलीने. १९९८ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘कूस’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ४२ प्रश्न आहेत आणि ते वेदना, इतर लक्षणे, रोजचे व्यवहार, खेळ व अंगमेहनतीच्या हालचाली आणि गुडघ्यामुळे एकूण जगण्यावर झालेला परिणाम अशा पाच भागांत विभागलेले आहेत. प्रत्येक भागाला शून्य ते शंभर असे गुण मिळतात. शंभर म्हणजे काहीही त्रास नाही. त्यापूर्वीची प्रचलित प्रश्नावली प्रामुख्याने वयस्कर रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. खेळताना गुडघा दुखावलेल्या आणि पुढे झिजेकडे जाऊ शकणाऱ्या तरुण माणसाच्या अडचणी तिच्यात मावत नव्हत्या. रूस यांनी जुने प्रश्न सामावून घेतले, नवे भाग जोडले आणि ही प्रश्नावली कोणालाही विनाशुल्क वापरता येईल अशी ठेवली. संशोधनाची साधने परवान्यांच्या शुल्कात अडकवण्याची पद्धत रूढ असताना हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आज गुडघ्यावरच्या कितीतरी चाचण्यांचा निकाल याच गुणांत सांगितला जातो.

प्रश्नावलीचे एवढे कौतुक कशासाठी, असे एखाद्या वाचकाला वाटेल. आपल्याकडे गुडघा दुखू लागला की पहिल्याच भेटीत एक्स-रे काढला जातो, तो दिव्याच्या पेटीवर लावला जातो, आणि “वंगण संपलंय, हाडाला हाड घासतंय” हे वाक्य ऐकवले जाते. रुग्ण त्या क्षणापासून स्वतःला निकामी झालेला समजू लागतो. वास्तविक एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचे प्रमाण अनेकदा जुळत नाही. चित्रात भरपूर झीज असूनही डोंगर चढणारी माणसे असतात, आणि जेमतेम झीज असलेली माणसे जिना उतरताना कठडा सोडू शकत नाहीत. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या वेदनावाहक नसाच नसतात. दुखते ते आजूबाजूच्या हाडातून, सांध्याच्या आवरणातून आणि थकलेल्या स्नायूंच्या ताणातून. अशा वेळी फिल्म बघण्याआधी रुग्णाला नीट विचारणे, त्याच्या उत्तराला आकड्याचे वजन देणे आणि तोच आकडा पुढच्या उपचाराचा निकष मानणे, हीच मला रुग्णाची खरी बाजू घेणे वाटते. रूस यांनी ही बाजू आयुष्यभर घेतली.

शस्त्रक्रियेचा प्रश्नही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने तपासला. गुडघ्यातला पुढचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या-धावत्या माणसांवरची स्वीडनमधील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काहींची लगेच शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम देऊन गरज भासल्यास पुढे शस्त्रक्रियेची मोकळीक ठेवली गेली. दोन वर्षांनी या ५९ पैकी ३६ जणांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि दोन्ही गटांचे कूस गुण जवळपास सारखे होते. पुढे संशोधक सोरेन स्को यांच्याबरोबर केलेली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी तर आपल्याकडच्या प्रत्येक घराशी संबंधित आहे. सांधा बदलण्यास पात्र ठरलेले १०० रुग्ण घेऊन अर्ध्यांना शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बारा आठवड्यांचा व्यायाम-शिक्षणाचा उपचार देण्यात आला, आणि अर्ध्यांना केवळ तो उपचार. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात कूस गुणांची सरासरी वाढ सुमारे ३२ होती आणि दुसऱ्या गटात १६. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा निःसंशय मोठा. परंतु गंभीर प्रतिकूल घटना शस्त्रक्रियेच्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात ६ घडल्या, आणि शस्त्रक्रियेविना राहिलेल्या पन्नास जणांपैकी केवळ १३ जणांनी त्या वर्षात सांधा बदलून घेतला. या दोन्ही बाजू रुग्णापुढे सारख्याच प्रामाणिकपणे ठेवता आल्या पाहिजेत. आईच्या फिजिओथेरपिस्टने त्या ठेवल्या, आणि कार्यक्रमाविषयीचा माझा आदर तिथून सुरू झाला.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे येते. सुरुवातीला एक तपासणी होते, मग शिक्षणाची दोन सत्रे, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा याप्रमाणे सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रे. तपासणीत रुग्णाने छातीवर हात दुमडून खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजतात, चाळीस मीटर अंतर भरभर चालायला लावतात आणि प्रश्नावली भरून घेतात. आईला पहिल्या दिवशी हात न टेकता उठताच येईना. फिजिओथेरपिस्टने हात टेकण्याची परवानगी दिली, तशी नोंद केली, आणि “पुढच्या वेळी पाहू” एवढेच म्हटले. सहा आठवड्यांनंतर याच चाचणीत आईचे हात छातीवरून हलले नाहीत.

शिक्षणाची सत्रे मला सर्वांत सरस वाटली. झीज म्हणजे काय, ती कोणाला लवकर होते, कूर्चेला पोषण कसे मिळते, वजनाचा भार गुडघ्यावर कसा पडतो, औषधे, इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सगळे गटाला साध्या भाषेत सांगितले गेले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. दाबली आणि सोडली गेली की तिच्यात द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातून तिचे पोषण होते, म्हणून हालचाल बंद केलेला सांधा उपाशी राहतो. हे आईला मी मराठीत सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग इतकी वर्षं मला ‘जिना चढू नका, मांडी घालू नका, कमीत कमी चाला’ असंच का सांगत होते गं सगळे?” गटातल्या दुसऱ्या एका ग्रीक आजींनीही आपल्याला नेमके हेच सांगितले गेल्याचे सांगितले. वजनाविषयी दिलेला एक आकडा आईने लगेच पाठ करून टाकला : एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे नुसते “वजन कमी करा” म्हटल्याने जे झाले नव्हते, ते या एका वाक्याने झाले आणि संध्याकाळचा दुसरा चहा बिनसाखरेचा झाला.

दूरबिणीच्या शस्त्रक्रियेविषयीही गटात बोलणे झाले. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन आत काहीच केले नव्हते, आणि तरीही त्यांना सांधा ‘साफ करून’ घेतलेल्यांइतकाच आराम पडला होता. फिनलंडमध्ये गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीबाबत (मेनिस्कस) १४६ जणांवर केलेली अशीच तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि निष्कर्ष तोच निघाला. वयपरत्वे झिजलेल्या गुडघ्यासाठी दूरबिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. आपल्याकडे मात्र “दूरबिणीतून साफ करून घेऊ” हा सल्ला अजूनही सहज दिला जातो, आणि तो घेणाऱ्याला हा इतिहास कोणी सांगत नाही.

व्यायामाच्या सत्रांत आधी थोडा वेळ स्थिर सायकल, नंतर चार प्रकारचे व्यायाम : पोट-कंबरेच्या स्थिरतेचे, पाय योग्य रेषेत ठेवण्याचे, रबरी पट्ट्यांनी मांड्यांची ताकद वाढवण्याचे, आणि खुर्चीवरून उठणे, पायरी चढणे अशा रोजच्या कामांचे. प्रत्येकात सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात लक्षात राहिला तो कापडावर पाय सरकवण्याचा व्यायाम. गुळगुळीत जमिनीवर एक पाय फडक्यावर ठेवायचा, तो हळूहळू मागे सरकवायचा, आणि उभ्या पायाचा गुडघा आत न कलता पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो का ते समोरच्या आरशात पाहायचे. आईचा उजवा गुडघा दरवेळी आत कलायचा. स्नायूंच्या कमजोरीने तो कसा कलतो, हे तिला आरशात स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. भारतात तिला मिळालेल्या फिजिओथेरपीत यंत्राचा शेक, पाय सरळ करून दहा वेळा दाबणे आणि “घरी करा” असे सांगणे यापलीकडे फारसे काही नव्हते. तेही अयोग्य नव्हे, पण त्यात रुग्णाने स्वतःच्या हालचालीकडे पाहायला शिकणे कुठेच नव्हते.

वेदनेचा नियम हा या कार्यक्रमाचा कणा आहे असे मी म्हणेन. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दोनपर्यंतची वेदना सुरक्षित, पाचपर्यंतची चालण्यासारखी, त्यापुढची जास्त. आणि व्यायामाने वाढलेले दुखणे चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे, न आल्यास पुढच्या वेळी एक पायरी खाली यायचे. नियम साधा आहे, पण त्याने निर्णय रुग्णाच्या हातात येतो. दुखले की थांबायचे, हे आपल्या मनात इतके खोल रुजलेले असते की पहिल्या आठवड्यात आई प्रत्येक कळेला माझ्याकडे पाहायची. नंतर ती स्वतःच “चार आहे, चालेल” असे म्हणू लागली. डेन्मार्कमध्ये तर शिक्षणाचे एक सत्र याच कार्यक्रमातून गेलेल्या रुग्णाकडून घेण्याची पद्धत आहे. ती आमच्या केंद्रात नव्हती, आणि ही उणीव मला जाणवली. कारण सोबतच्या ग्रीक आजींशी आई हातवाऱ्यांनी जे बोलली त्याचा तिला झालेला उपयोग मी पाहिला आहे.

कार्यक्रमाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. डेन्मार्कच्या नोंदवहीतील ९,८२५ सहभागींच्या माहितीवर स्को आणि रूस यांनी २०१७ मध्ये लेख लिहिला. सहभागींची वेदना घटली, चालण्याचा वेग वाढला, वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांची संख्या कमी झाली. पण या नोंदींत तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि गुडघ्याचे दुखणे मुळात चढउताराचे असल्यामुळे माणूस सर्वाधिक त्रासात असतानाच उपचार शोधतो व पुढे आपोआपही थोडा बरा होतो. डेन्मार्कमध्येच झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हा प्रश्न अधिक टोकदार केला. तिच्यात २०६ रुग्णांपैकी काहींना याच धर्तीचा आठ आठवड्यांचा व्यायाम-शिक्षणाचा उपचार दिला आणि बाकीच्यांना गुडघ्यात मिठाच्या पाण्याची चार इंजेक्शने, तीही ते मिठाचे पाणी आहे असे सांगून. वेदनेच्या गुणांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे वाचून मी अस्वस्थ झाले होते. आईला झालेला फायदा नेमका कशाचा, व्यायामाचा, समजुतीचा, की कोणीतरी आठवड्यातून दोनदा आपुलकीने पाहिल्याचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र ती चाचणी काही आठवड्यांच्या वेदनेची होती. हात न टेकता उठता येणे, भीती जाणे आणि पुढच्या डॉक्टरला योग्य प्रश्न विचारता येणे या गोष्टींचे मोल मला स्वतंत्र वाटते, आणि म्हणून मी हा कार्यक्रम सुचवते. कार्यक्रमाच्या माहितीपत्रकांनी ही चाचणीही रुग्णाला सांगितली, तर ते त्यांच्याच तत्त्वाला धरून होईल.

आपल्या लोकांच्या दृष्टीने एक मोठी त्रुटी आहे. कूस प्रश्नावलीत मोजे घालणे, मोटारीत बसणे-उतरणे, आंघोळीच्या टबात उतरणे, इतकेच काय उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणेही आहे. पण जमिनीवर मांडी घालून बसणे नाही. आईने तिसऱ्याच सत्रात मला सांगितले, “पाटावर बसून पूजा करता येईल का ते विचार तिला.” फिजिओथेरपिस्टने प्रश्न मनापासून ऐकला, पण तिच्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. शेवटी तिने उठता-बसताना आधाराला खुर्ची ठेवून, जमिनीपर्यंत हळूहळू उतरण्याचा वेगळा सराव स्वतःच्या कल्पनेने बसवून दिला. चांगल्या फिजिओथेरपिस्टमुळे हे निभावले. प्रत्येक ठिकाणी तसे होईलच असे नाही, कारण हा कार्यक्रम घेण्यासाठी फिजिओथेरपिस्टला लागणाऱ्या प्रमाणपत्राचे प्रशिक्षण अल्पकाळाचे असते आणि बाकी सारे त्या माणसाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

खर्चाचेही पाहायला हवे. ऑस्ट्रेलियात शुल्क केंद्रानुसार बदलते. कुटुंबाच्या डॉक्टरांनी दीर्घकालीन आजाराची योजना करून दिली तर मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेतून वर्षाला पाच भेटींपुरता परतावा मिळतो, पण तो संपूर्ण कार्यक्रमाला पुरत नाही. खासगी विमा असल्यास काही भाग मिळू शकतो. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांना मेडिकेअर लागू नसते, त्यामुळे त्यांना सगळा खर्च स्वतः करावा लागतो. शिवाय तीन महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा मोजणी असते, आणि तीच तर कार्यक्रमाची खरी परीक्षा. परत जाणाऱ्या पाहुण्यांची ती राहून जाते.

महाराष्ट्राकडे पाहिले की एका गोष्टीची आठवण होते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. कोबाल्ट-क्रोमियमचा सर्वाधिक वापरला जाणारा सांधा करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णाच्या बाजूने उचललेले ते मोठे पाऊल होते आणि अनेक कुटुंबांना त्याने हायसे वाटले. पण किंमत कमी झाल्याने सांधा बदलावा की नाही, आत्ताच बदलावा की दोन वर्षांनी, हे ठरवण्याचे बळ रुग्णाला मिळत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत, मांडी घालण्याचा आणि शेतात उकिडवे बसून खुरपण्याचा प्रश्न विचारात घेणारे असे दोन सत्रांचे शिक्षण हवे. खुर्ची, फडके, आरसा आणि रबरी पट्टी यांखेरीज याला काही साहित्य लागत नाही. फिजिओथेरपीची महाविद्यालये आपल्याकडे आहेत, आणि प्रश्नावली विनाशुल्क आहे.

कोणी करावा हेही सांगते. गुडघा कायम दुखतो, पण चालता येते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय समोर उभा आहे किंवा लांब आहे, अशांनी अवश्य करावा. शस्त्रक्रिया ठरलेलीच असली तरी आधी ताकद वाढवण्याचा उपयोग आहे. रात्री झोपू न देणारी वेदना, अचानक आलेली सूज, ताप किंवा गुडघा अडकणे असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. हा कार्यक्रम त्यासाठी नाही. आठवड्यातून दोनदा नेऊन आणणारे कोणी नसेल तर सत्रे बुडतात, म्हणून घरातल्या माणसाने ती जबाबदारी आधीच स्वीकारावी. नाव नोंदवण्यापूर्वी केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात : शिक्षणाची सत्रे प्रत्यक्ष होतात की नुसता व्हिडिओ दाखवला जातो, दुभाषी सोबत बसू शकतो का, आणि वर्षानंतरची मोजणी खरोखर केली जाते का.